उमेदीचें मोजमाप

गेल्या महिन्यांत एके संध्याकाळीं आमची सूनबाई कचेरींतून घरीं आली ती कपाळाला आठ्या घालूनच. चहा झाल्यावर मीं कारण विचारलें, तेव्हां तिनें आपला संगणक माझ्यापुढें सरकविला. कचेरीनें सर्व नोकरांकडे एक प्रश्नावली धाडली होती. ‘आपण आपल्या कामांत समाधानी आहांत काय?’, ‘आपले वरिष्ठ आपलें म्हणणें ऐकून घेतात काय?’ अशा चाळीसएक प्रश्नांना एकापासून पांचापर्यंत गुण द्यावयाचे होते. नांव लिहूं नये, असा खुलासा अगदीं वरच ठळक अक्षरांत केलेला होता. सूनबाई म्हणाली, “बाबा, नांव नाहीं हें खरें. पण विभाग लिहायचा, वय लिहायचें, नोकरीचीं वर्षें लिहायचीं. आमच्या विभागांत आम्ही सगळीं मिळून सहाजण. मग मी कोण तें ओळखायला कितीसा वेळ लागणार?” एवढें बोलून तिनें झरझर सर्व प्रश्नांना चार चार गुण देऊन टाकले आणि ती मुलाचा अभ्यास घ्यावयास बसली.

दुसऱ्या दिवशीं तीं उत्तरें वरच्या मंडळींच्या हातीं पडलीं असतील. तेथें कोणीतरी बेरीज करून, पांचांपैकीं चार म्हणजे शेंकडा ८०, असा हिशेब मांडून समाधानानें मान डोलाविली असेल. मला मात्र त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं. कारण असाच एक हिशेब मीं स्वतः एके काळीं केला होता, आणि तो साफ चुकला होता. ती हकीकत पुढें येईलच.

श्रोतेहो, कामावरच्या माणसांच्या मनाच्या ज्या स्थितीला इंग्रजींत ‘मोराल’ म्हणतात, तिला आपल्याकडे मनोधैर्य असा भारदस्त शब्द योजतात. मला साधा ‘उमेद’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. फौजेंत तिचा विचार फार पूर्वींपासून होत आला आहे. कारण तेथें ती खचली म्हणजे काय होतें तें एका दिवसांत दिसतें. कचेरींत, कारखान्यांत, इस्पितळांत किंवा शाळेंत तें दिसावयास वर्षें लागतात. माणसें वेळेवर येतात, सांगितलेलें काम करतात, ‘होय साहेब’ म्हणतात. आणि तरीही आंतून कांहीं तरी विझलेलें असतें. तें विझलें आहे हें कळावें कसें, आणि कळल्यावर करावें काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सर्वांत सोपा मार्ग सरळ विचारण्याचा. पांच पायऱ्यांच्या प्रश्नावलीची ही रीत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९३२ सालीं मांडली, आणि आज तिचा जगभर प्रसार आहे. रीतींत दोष आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु काखेंत तापमापक ठेवलेल्या रोग्याला, पारा चढला तर डॉक्टर आपणांवर रागावतील, अशी भीति नसते. नोकराला ती असते. म्हणून जेथें उमेद खचलेली असते तेथेंच पुष्कळदां उत्तरें गुळगुळीत येतात, आणि जेथें माणसांना मोकळेपणा असतो तेथें तक्रारींचा पाऊस पडतो. एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषींनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत हीच गोष्ट निराळ्या वाटेनें पुढें आली. इस्पितळांतील परिचारिकांच्या तुकड्या त्यांनीं पाहिल्या. जेथें प्रमुख चांगली आणि एकोपा अधिक, तेथें औषध देण्यांतल्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आंकडे नेमके उलटे आले. शोध घेतां असें दिसलें कीं, अशा तुकड्यांत चुका अधिक होत होत्या असें नव्हे. त्या लपविल्या जात नव्हत्या. नुसते आंकडे वाचणाऱ्या वरिष्ठानें तेथें चांगल्या तुकडीलाच शिक्षा केली असती.

विचारल्यावांचून कळणारी एक जुनी खूण म्हणजे हजेरी. नागपूरची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. मालक जमशेटजी टाटा, आणि व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता. हे बेझनजी पूर्वीं रेल्वेच्या नोकरींत होते. गिरणी उभी राहिली, यंत्रें फिरूं लागलीं, पण माणसें रोज येईनात. लहानसहान निमित्तानें कामकरी घरीं राहत, आणि १०० पैकीं ८० हजर असले म्हणजे तो दिवस चांगला म्हणावयाचा, अशी अवस्था होती. अशा वेळीं कोणाही मालकाच्या हाताशीं येणारें पहिलें हत्यार म्हणजे दंड. जमशेटजींनीं त्यावर भिस्त ठेविली नाहीं. त्यांनीं कालांतरानें कामकऱ्यांसाठीं निर्वाहनिधि काढला, विम्याची सोय केली, खेळांचे आणि कुटुंबांसह जमण्याचे दिवस ठरविले, त्यांत रोख रकमेचीं, घड्याळांचीं, सोन्याच्या साखळ्यांचीं बक्षिसें वांटलीं; आणि गिरणींतल्या कोंदट हवेवर उपाय म्हणून हवा खेळविण्याची व्यवस्था केली. गैरहजेरी हा त्यांनीं केवळ अपराध न मानतां कामकऱ्यांनीं न बोलतां धाडलेला निरोप मानला, असें मला वाटतें.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर ती अर्धी राहील. त्याच गिरणींत त्याच १८७७ सालीं मजुरीच्या दरावरून कामकऱ्यांनीं संप केला. आपल्या देशांतील गिरणीकामगारांच्या आद्य संपांत त्याची गणना होते. मजुरीचा प्रश्न खेळांच्या दिवसांनीं सुटावयाचा नव्हता. शिवाय हजेरीची खूण सर्वत्र खरी ठरतेच असें नाहीं. एका दिवसाची मजुरी बुडाली कीं ज्याच्या घरीं चूल पेटावयाची नाहीं, तो अंगांत ताप असतांनाही येईल. त्याच्या हजेरीवरून त्याची उमेद मापूं नये.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले प्रयोग झाले ते अमेरिकेंत, शिकागो शहराला लागून असलेल्या सिसरो गांवीं. तेथें वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, टेलिफोनचें साहित्य बनविणारा, हॉथॉर्न नांवाचा प्रचंड कारखाना होता. भरभराटीच्या काळांत तेथें ४०,००० वर माणसें राबत. १९२४ सालीं तेथील इंजिनिअरांना एक साधी गोष्ट ठरवावयाची होती : दिव्यांचा उजेड वाढविला तर काम किती वाढतें? त्यांनीं उजेड वाढविला, काम वाढलें. ज्या तुकडींत उजेड मुळींच बदलला नव्हता तेथेंही तें वाढलें. मग त्यांनीं उजेड कमी करण्यास आरंभ केला. एका प्रयोगांत दोन कामकरणी जवळजवळ चांदण्याइतक्या प्रकाशांत बसल्या होत्या, तरी त्यांचें काम घटेना. इंजिनिअर मंडळी चक्रावून गेली.

मग १९२७ सालीं टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पांच मुली आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहाजणींना एका वेगळ्या खोलींत बसविलें. एका रिलेंत पस्तीसएक भाग असत आणि तो जोडावयास सुमारें एक मिनिट लागे. तयार रिले समोरच्या पन्हळींत टाकला कीं सरकत्या कागदाच्या पट्टीवर एक भोंक पडे, म्हणजे मोजणाऱ्याची गरजच नाहीं. मग मधली विश्रांति पांच मिनिटांची, नंतर दहा मिनिटांची, सकाळीं कांहीं खावयास देणें, संध्याकाळीं लवकर सोडणें, शनिवारची रजा, असे एकामागून एक बदल केले. काम वाढत गेलें. पुढें बारा आठवडे या सगळ्या सवलती काढून घेतल्या. तरी आठवड्याचें एकूण काम पूर्वींच्या मानानें चढेंच राहिलें.

यावरून हार्वर्ड विद्यापीठाचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, विश्रांतीच्या मिनिटांपेक्षां, आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतो, आपलें मत विचारतो, याचा परिणाम मोठा. हा निष्कर्ष पुस्तकांतून इतका पसरला कीं पुष्कळांना तेवढाच ठाऊक असतो. पुढें इतर अभ्यासकांनीं मूळ वृत्तांत बारकाईनें तपासले, तेव्हां दोन गोष्टींना महत्त्व आलें. पांचांपैकीं दोन मुलींना, फार बोलतात आणि सांगितलेलें ऐकत नाहींत म्हणून, १९२८ च्या जानेवारींत काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी बसविल्या होत्या, आणि या नव्या दोघींचा हात चपळ होता. शिवाय मजुरीचा हिशेब पूर्वीं शंभराच्या घरांतल्या मोठ्या समूहाच्या कामावर होत असे, तो आतां या लहानशा तुकडीच्याच कामावर होऊं लागला होता. म्हणजे जादा काम केलें तर त्याचा पैसा त्यांच्याच पदरांत पडे. मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतों, वर्गांतलीं दोन वांड मुलें दुसऱ्या तुकडींत धाडून वर्गाचा निकाल वाढविणें फारसें अवघड नाहीं.

मला स्वतःला हॉथॉर्नच्या प्रयोगांतला दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. १९२८ च्या सप्टेंबरांत तेथें कामकऱ्यांच्या मुलाखती घेण्यास प्रारंभ झाला, आणि १९३० पर्यंत २१,००० हून अधिक माणसांच्या मुलाखती झाल्या. प्रथम मुलाखत घेणारे ठरीव प्रश्न विचारीत : वरिष्ठ कसा आहे, जागा कशी आहे, काम कसें आहे? उत्तरें तुटक येत, आणि माणूस मधूनच भलत्याच विषयाकडे वळे. मुलाखत घेणारा त्याला ओढून पुन्हां प्रश्नावर आणी. कांहीं महिन्यांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्याला आपण भलता विषय म्हणतों तोच त्या माणसाचा खरा विषय आहे. तेव्हां १९२९ सालीं रीत बदलली. प्रश्न टाकून द्यावयाचे आणि ऐकावयाचें. मध्यें तोडावयाचें नाहीं, उपदेश करावयाचा नाहीं, वाद घालावयाचा नाहीं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. एका मुलीला आपल्या वरिष्ठाचा विलक्षण तिटकारा असे. बोलतां बोलतां तिच्याच लक्षांत आलें कीं, तो आपल्या सावत्र बापासारखा भासतो एवढेंच त्याचें कारण आहे. तक्रार एका गोष्टीची नि दुःख दुसऱ्याच गोष्टीचें, हें आपल्या घरांतही अपरिचित नाहीं. भाजी खारट झाली म्हणून ताट सरकविणारा मनुष्य पुष्कळदां भाजीवर रागावलेला नसतो.

पण सगळ्याच तक्रारींच्या मुळाशीं सावत्र बाप नसतो. मात्र तसें मानणें वरिष्ठांना फार सोयीचें असतें. १९३१ च्या नोव्हेंबरपासून १९३२ च्या मेपर्यंत त्याच कारखान्यांत टेलिफोनच्या यंत्रसंचांना तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांच्या एका तुकडीचें निरीक्षण झालें. त्यांनीं आपसांत, दिवसाला दोन संच म्हणजे पुरेसें काम, असें ठरवून टाकलें होतें. जो त्याहून अधिक करी त्याच्या दंडावर सोबती एक सणसणीत गुद्दा हाणीत. जो फारच कमी करी त्यालाही दोष देत. आणि वरिष्ठांकडे चुगली करणारा तर सर्वांच्या मनांतून उतरे. आपण अधिक काम केलें तर दर कमी होईल, किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, अशी त्यांची समजूत होती. पंडितांना ती समजूत तर्काला धरून वाटली नाहीं. परंतु तो काळ मंदीचा होता. कारखान्यांतून माणसें काढलीं जात होतीं, आणि काम उरलें नाहीं म्हणूनच तें निरीक्षणही बंद पडलें. त्या चौदाजणांना भविष्य कळत होतें असें नव्हे. पण त्यांची शंका अगदींच वेडगळ नव्हती. २१,००० माणसांचें म्हणणें ऐकून घेणाऱ्या कारखान्याला मंदींत त्यांच्या नोकऱ्या राखतां आल्या नाहींत, ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं.

आतां माझी हकीकत. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीचें शिक्षण घेतलेला सामान्य मनुष्य; एका संस्थेच्या शाळेंत बरींच वर्षें शिकवून मुख्याध्यापक झालों. पहिल्याच वर्षीं मला जाणवलें कीं शाळेंत कांहीं तरी बिनसलें आहे. शिक्षकांचें मस्टर मीच तपासत असें. सोमवारच्या आणि शनिवारच्या किरकोळ रजा वाढल्या होत्या. पूर्वीं शाळा सुटल्यावर अर्धा पाऊण तास कच्च्या मुलांना घेऊन बसणारे शिक्षक घंटेबरोबर पायांत चपला सरकवूं लागले होते. आणि मुख्य खूण म्हणजे शिक्षकखोली. मी दारांत पाऊल टाकलें कीं आंतलें बोलणें थांबे. पूर्वीं तेथें वेळापत्रकावरून आणि बदली तासांवरून कडाक्याचीं भांडणें होत. आतां भांडणेंही होईनात. वर्गांत गोंगाट चालला कीं मास्तराला राग येतो, पण वर्ग एकाएकीं गप्प झाला कीं त्याच्या पोटांत धस्स होतें, तसें माझें झालें.

कोठेंतरी वाचलेलें आठवून मीं सुताराकडून एक सूचनापेटी करविली. वर फट, पुढें कुलूप. नांव न लिहितां मनांतलें लिहा, असें सर्वांना सांगितलें. पहिल्या महिन्यांत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पावसाळ्यांत शिक्षकखोली गळते, मोकळा तास देतां आणि ऐनवेळीं त्यांतही दुसऱ्याचा वर्ग गळ्यांत घालतां, कारकून पगाराच्या कागदांसाठीं चार चार फेऱ्या मारावयास लावतो, असेंच कांहींबाहीं. मीं त्यांची सुवाच्य अक्षरांत यादी केली, खालीं सही केली आणि ती संस्थेच्या चालकांकडे पाठवून दिली. आपलें कर्तव्य झालें, अशा समाधानानें त्या रात्रीं मी झोंपलों. चालकांकडून उत्तर आलें नाहीं. मीं विचारलेंही नाहीं. दुसऱ्या महिन्यांत तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यावरून मीं काढलेला हिशेब ऐका : तक्रारी अकरांवरून तीनांवर आल्या, अर्थात् शाळेची उमेद वाढली! तसें मीं चालकांना लिहून कळविलेंही. तिसऱ्या महिन्यांत एकच चिठ्ठी निघाली. ती उलगडली तर कोरी.

त्याच वर्षाच्या अखेरीस आमचे चित्रकलेचे गुरुजी शाळा सोडून गेले. त्यांच्या हाताखालीं चित्रें काढणारीं मुलें घरीं जायचें नांव घेत नसत. सोडून जाण्याचें कारण त्यांनीं ‘घरगुती’ असें लिहिलें, आणि मीं तें खरें धरून चाललों.

नंतर मीं ती पेटी काढून टाकली. मधल्या सुट्टींत शिक्षकखोलींत जाऊन सर्वांबरोबर चहा घेऊं लागलों. हातांत वही नाहीं, तोंडीं प्रश्न नाहीं. पहिले पंधरा दिवस सगळीं हवापाण्यावर बोलत. मग एके दिवशीं एका बाईंनीं बदली तासांचा विषय काढला. मीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें, आणि मिटलें. पुढच्या आठवड्यांत बदली तासांची वांटणी मीं त्यांच्याच हवालीं केली. त्यांनीं एक तक्ता करून भिंतीला लावला. कोणाच्या वांट्याला कितीदां बदली तास आला तें सर्वांना दिसे. माझ्या वांटणीपेक्षां ती न्याय्य होती, हें कबूल करावयास मला जड गेलें. छपराची गळती मात्र थांबेना, कारण तिला पैसा लागे. या खेपेस मी चालकांकडे स्वतः गेलों, आणि ‘यंदां पैसे नाहींत’ हें त्यांचें उत्तर शिक्षकखोलींत जसेंच्या तसें सांगितलें. कोणी रागावलें नाहीं. एकजण म्हणाले, “बरें झालें, निदान कळलें तरी.” पुढच्या पावसाळ्याआधीं दोघा शिक्षकांनीं आणि शिपायानें मिळून कौलें चाळून घेतलीं. खरें पाहतां तें काम त्यांचें नव्हतें.

शाळा त्यामुळें स्वर्ग झाली नाहीं. सोमवारच्या रजा थोड्या कमी झाल्या. भांडणें पुन्हां सुरू झालीं, आणि त्यांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येऊं लागला तेव्हां मला हायसें वाटलें.

निवृत्तीनंतर कांहीं वर्षांनीं एका लग्नांत ते चित्रकलेचे गुरुजी मला भेटले. जेवणें झाल्यावर मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही बसलों, तेव्हां इतकीं वर्षें मनांत राहिलेला प्रश्न मीं विचारलाच. “गुरुजी, ती कोरी चिठ्ठी तुमची होती काय?”

ते हंसले. “छे हो, मोठे गुरुजी. माझी चिठ्ठी पहिल्याच महिन्यांतली. त्या अकरांतली.”

मीं पुष्कळ आठवून पाहिलें, पण त्यांच्या चिठ्ठींत काय होतें तें मला आठवेना. त्यांच्या तें ध्यानांत आलें असावें. म्हणाले, “चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीला आकडा नव्हता. वारा आला कीं झडप आपटे आणि मुलांचे ओले कागद उडत. एक आकडा बसवून द्या, एवढेंच लिहिलें होतें.”